नासवून नव्हे, फाडून

डोंबिवली (पूर्व),
६ जानेवारी २०२५

चि. सौ. वैशाली हिस,
अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता समोरच्या विकीकडून लिहून घेतला आहे. त्यानेच मला सांगितलं, की तुझा फोन मला लागत नाही त्याचं कारण रेंज नव्हे, तू मला ब्लॉक केलं आहेस. मी आपली चार महिने टिटवाळ्याच्या टॉवरला शिव्या देत होते. असो. पोस्टात तेहतीस वर्षं काढलेली बाई मी. रजिस्टर पत्राला ब्लॉक करायची सोय खात्याने अजून काढलेली नाही. फार तर तू 'घेण्यास नकार' म्हणून परत पाठवशील. तो शेरा मी दुसऱ्यांच्या पाकिटांवर पुष्कळ वेळा वाचला आहे, एकदा स्वतःच्या वाचीन.

कामाचं लिहिते. माझ्या पायांत गोळे येतात. डॉक्टर म्हणाले, अंगात प्रोटीन नाही. मागच्या दोन दाढा काढल्यापासून चणे-शेंगदाणे चावत नाहीत, आणि अंडं मी खात नाही हे तुला ठाऊक आहे. तर पनीर खा म्हणाले, तेही शक्यतो घरचं. तेव्हा दूध नासवून पनीर कसं करायचं, ते कृपा करून कळवावं. तू करायचीस ते मऊ असायचं. संदेशने मोबाइलवर एक बाई लावून दिली होती, पण ती इतकी भरभर बोलते की तिचं पनीर कापून होतं तरी माझं दूध तापलेलं नसतं.

काल विकीच्या आईने तिळाच्या वड्या पाठवल्या. डबा परत करताना त्यात चमचाभर साखर घातली आणि तुझी आठवण झाली. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तू त्यांचा डबा घासूनपुसून रिकामाच द्यायला निघालीस, आणि मी तुला जिन्यातून परत बोलावलं होतं. रिकामा डबा परत करणं म्हणजे यापुढे आपलं देणंघेणं संपलं, असं मी म्हणाले तर तू हसलीस. म्हणालीस, "आई, एवढं सगळं त्या डब्याला माहीत असतं का?" पण त्यानंतर तू एकदाही विसरली नाहीस. निदान चार दाणे साखरेचे तरी असायचेच.

शेवंतीने काम सोडलं ते सोडलंच. गुडघे दुखतात म्हणे. भांडी अजून मीच घासते.

कल्याणच्या कोर्टात २० मार्चची तारीख पडली आहे असं संदेश म्हणाला. त्या दिवशी दोघांच्या सह्या झाल्या की संपलं, असंही म्हणाला. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, ती तुम्हा दोघांची बाब आहे. तेवढी कृती मात्र कळव.

तुझी,
आई


डोंबिवली,
२० जानेवारी २०२५

चि. वैशाली,

'सौ.' तू खोडलंस, म्हणून लिहीत नाही.

माझंच पत्र मला परत आलं, आणि तेही लाल पेनाने तपासून. पाचवीच्या मुलांच्या वह्या तपासून तुझा हात तसाच वळतो हे मला माहीत आहे, तरी एकसष्टाव्या वर्षी माझा कागद कुणी तपासेल असं वाटलं नव्हतं. 'सौ.'वर काट. 'नासवून'वर काट, आणि वर स्वच्छ अक्षरात 'फाडून'. शेवटी मोकळ्या जागेत कृती. ना मायना, ना सही. मी ती इतक्यांदा वाचली की पाठ झाली आहे:

'म्हशीचं दूध एक लिटर. उकळी आली की गॅस बंद. दोन मिनिटं थांबा. लिंबाच्या रसात तेवढंच पाणी घालून थोडं थोडं सोडा. हिरवट पाणी वेगळं झालं की थांबा, जास्त लिंबू नको. मऊ फडक्यात गाळून गार पाण्याने धुवा. वजन हलकं ठेवा. पाणी फेकू नका, कणीक भिजवा.'

खालचं 'आई' तू खोडलं नाहीस. ते नजरेतून सुटलं की राहू दिलंस, हे मी विचारत नाही.

केलं मग. कसलं पनीर आणि कसलं काय. लिंबू पिळायच्या वेळी हात वर गेला तो वरच राहिला. दूध उकळून भांड्याच्या काठाशी आलं आणि घाबरून मी गॅस चालू असतानाच सगळा रस ओतला. जे झालं ते खोडरबरासारखं होतं. चहाच्या गाळणीतून गाळलं तर निम्मं मोरीत गेलं.

हात का थांबला ते सांगते. तू रंगूबाईंना पाहिलं नाहीस. माझ्या सासूबाई. राजापूरकडे त्यांच्या गोठ्यात चार गाई होत्या. घरात दूध नासलं तर त्या गोठ्याकडे तोंड करून हात जोडायच्या, गाय आटते म्हणायच्या. आणि घरात कुणी गरोदर असली तर मग बघायलाच नको, त्या दिवशी चूल धुऊन निघायची. मी त्यांना मनातल्या मनात हसायचे. मी मॅट्रिक झालेली, नोकरी करणारी. पण चाळीस वर्षं एकाच ओट्याशी उभं राहिलं की दुसऱ्याचं भय आपल्या हातात कधी येतं ते कळत नाही.

आणि तुला पाचवा लागलेला असताना, त्या जुलैतल्या रविवारी, तू दोन लिटर चांगलं दूध माझ्या डोळ्यांदेखत मुद्दाम फाडलंस. तुला खावंसं वाटत होतं, संदेशचे मित्र जेवायला यायचे होते. तेव्हा मी काही बोलले असेन तर ते या जुन्या सवयीने. नेमके शब्द मला आठवत नाहीत.

पुन्हा करून बघते.

आई


डोंबिवली,
९ फेब्रुवारी २०२५

चि. वैशाली,

या वेळी माझं पत्र तपासून आलं नाही. नुसती पोचपावती आली. सहीत तू माहेरचं आडनाव लावतेस. सही तीच, 'वै'ची मात्रा छपरासारखी. ती पावती मी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आहे.

पनीर जमलं. पण ते सांगायच्या आधी दुसरं काहीतरी सांगायला हवं, नाहीतर हे पत्र खोटं होईल.

तू 'मऊ फडक्यात' लिहिलंस. घरात मऊ फडकं कुठलं? चक्का टांगायचं होतं ते विरून गेलं. मग मी पलंगाखालची बॅग ओढली. त्या बॅगेत काय आहे ते तुला माहीत नाही. संदेशलाही नाही.

तुला चौथा लागला तेव्हा मी मामंजींचं जुनं धोतर काढलं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं, की गालाला लावलं तर लागल्याचं कळत नव्हतं. त्याची मी सहा दुपटी केली. तू शाळेत गेलीस की खिडकीत बसून हाताने काठ दुमडायचे. मूल जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही करून ठेवायचं नसतं, सुई तर हातात धरायचीच नसते, हे मी दुसऱ्यांच्या सुनांना बजावून सांगणारी बाई. पण मला राहवलं नाही. संदेशच्या वेळी मी ऑफिसात, सगळं सासूबाईंनी केलं होतं. हे एक तरी मला करायचं होतं.

सहावं दुपटं पुरं झालं आणि त्याच आठवड्यात तू ते दूध फाडलंस. मी आधीच मनातून घाबरलेली होते. आपण नियम मोडला, आता काही होऊ नये, एवढंच डोक्यात. आणि समोर ते भांड्यात फुटलेलं दूध.

त्यानंतर अकराव्या दिवशी ते झालं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी तुझा विचार करत नव्हते, वैशाली. मी त्या सहा दुपट्यांचा विचार करत होते. हे माझ्या सुईने झालं, असंच वाटत होतं. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, यात कुणाचा काही दोष नसतो, शंभरांतल्या एखादीला होतं. मी मान डोलावत होते. पण ऐकत नव्हते.

परवा मी त्यातलं एक दुपटं धुतलं आणि पनीर त्यात गाळलं. उकळी आल्यावर गॅस बंद केला, दोन मिनिटं थांबले, रस थोडा थोडा सोडला. दूध ओरडलं नाही की काही नाही. शांतपणे बाजूला झालं, पांढरं एकीकडे, पाणी एकीकडे. फडक्यात बांधून गार पाण्याखाली धरलं. मग पाटावर ठेवून वर तांब्या ठेवला. तासाभराने सोडलं तर पनीरवर कापडाची वीण उमटली होती, आणि एका कडेला माझे टाकेसुद्धा. मी ओट्याशी उभी राहिले आणि खूप रडले. मग त्याचा एक तुकडा खाल्ला. छान झालं होतं. तू करायचीस तेव्हाही छानच व्हायचं. मी शिवतसुद्धा नाही असं दाखवायचे, आणि तू शाळेत गेलीस की वाटीभर खायचे.

पाण्यात कणीक भिजवली. पोळ्या मऊ झाल्या. संदेश दोन जास्त खाऊन गेला, कारण विचारलं नाही.

आई


डोंबिवली,
२ मार्च २०२५

वैशाली,

तू बरोबर ऐकलं होतंस.

हे पहिल्या पत्रात पहिल्या ओळीत लिहायचं होतं. पनीरची कृती विकीसुद्धा सांगेल, त्यासाठी मला टिटवाळ्याला पत्र टाकायची गरज नव्हती. दोन महिने मी कडेकडेने फिरते आहे, आणि आता तारखेला अठरा दिवस उरले.

शब्द मला आठवत नाहीत असं लिहिलं ते खोटं. सगळे आठवतात. तू गाळणी शोधत होतीस आणि मी दारात उभी होते. मी म्हणाले, "चांगलं दूध नासवतेस, तेही पोटात जीव असताना. नासवणाऱ्या हातात काय टिकायचंय?" तू वळून पाहिलंस. मग गाळणी सापडल्यासारखं करून तू ओट्याकडे तोंड फिरवलंस. तुझे कान लाल झाले होते.

ते झाल्यानंतर तू संदेशला सांगितलंस. त्याने मला विचारलं. मी म्हणाले, "मी असं बोलेन का रे? तिच्या मनाचे खेळ आहेत. अशा दिवसांत होतं बायकांना." इतक्या सहज म्हणाले की मलाच खरं वाटलं. कबूल केलं असतं तर त्याच्या मागोमाग दुपटीही कबूल करावी लागली असती, निदान मला तसं वाटत होतं. तो दोष अंगावर घ्यायचं बळ माझ्यात नव्हतं, म्हणून मी तो तुझ्या कानांवर टाकला.

मग संदेश तुला ठाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज जेवण झालं की गोळी आणि पाण्याचा पेला मीच तुझ्या हातात द्यायचे. सून असून तिची सेवा करते म्हणून विकीच्या आईने माझं कौतुक केलं होतं. मी ते ऐकून घेतलं.

एकदा तू मला स्वयंपाकघरात गाठलंस. आठवतं का? मी भाजी निवडत होते. तू खाली बसलीस आणि म्हणालीस, "आई, तुम्ही बोललेलात का तसं? हो म्हणालात तरी मी रागावणार नाही. फक्त मला खरं कळू दे, मला माझाच भरवसा वाटेनासा झालाय." मी म्हणाले, "नाही गं बाळ." मेथीची एक काडी हातात होती, ती मी निवडतच राहिले.

तू वर्षभर अशी काढलीस. गॅस बंद केला की नाही ते तीनदा बघायचीस. वर्गात आपण काय शिकवलं ते घरी येऊन मुलांच्या वहीत शोधायचीस. मी बघत होते. दोन शब्दांनी ते थांबलं असतं.

शेवंतीचे गुडघे धडधाकट आहेत. ती त्या रविवारी मोरीत भांडी घासत होती. तिने ऐकलं होतं. म्हणून पुढच्या महिन्यात मी तिला काढलं, तुला मात्र सांगितलं की तीच सोडून गेली. आताही तेच लिहिलं. गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेले. तिने चहा दिला. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "मी ऐकलेलं, बाई. वैशालीताईंना सांगणार होते. तर तुम्ही मला दारातूनच परत लावलंत." कामाला ये म्हटलं तर नको म्हणाली. जाताना म्हणाली, "त्यांना सांगा मात्र."

काल संदेशला सगळं सांगितलं. तो जेवत होता. हातातला घास त्याने ताटात ठेवला. मग म्हणाला, "मला तेव्हाच वाटलेलं, आई. पण तू नाही म्हणालीस ना. मग मी परत काय विचारणार होतो?" मला वाटलं होतं तो ओरडेल. तो उठला, स्वतःचं ताट धुतलं आणि खाली निघून गेला. म्हणजे त्यालाही माहीत होतं, वैशाली. घरात तीन माणसांना माहीत होतं आणि वेडी ठरलीस ती तू.

तू परत ये असं मी लिहीत नाही. मनात आहे, खोटं कशाला बोलू. रोज पोळ्या करताना मी चार जास्त करते. पण मागायचं तोंड मला राहिलेलं नाही. तुझे कान चांगले आहेत, डोकं चांगलं आहे, तू जे ऐकलंस ते मी बोलले होते. एवढं माझ्या अक्षरात, माझ्या सहीने, तुझ्याजवळ असावं.

शीला


डोंबिवली,
२ एप्रिल २०२५

वैशाली,

त्या दिवशी मी कोर्टात यायला नको होतं असं संदेशचं म्हणणं होतं. मी ऐकलं नाही. सकाळी पनीर केलं, त्याच दुपट्यात गुंडाळलं, स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवलं आणि त्याच्या मागोमाग रिक्षात बसले. कोर्टात पनीर घेऊन येणारी मी पहिलीच बाई असेन. पत्रीपुलावर गाड्या अडकल्या तेव्हा मनातल्या मनात म्हटलं, रिक्षा अशीच अडकून राहू दे, तारीख टळेल. टळली नाही.

तू बारीक झाली आहेस. तुझ्या आईंनी माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं ते योग्यच होतं. तू मात्र बाकाशी आलीस. मला काय काय बोलायचं होतं, आणि मी डबा पुढे केला आणि म्हणाले, "लिंबू जास्त नाही झालं." तू डबा घेतलास. म्हणालीस, "तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं." आणि मग, "ते आल्यापासून मला गोळीशिवाय झोप लागते."

मी वेडी, तेवढ्या वाक्यावर मला आशा वाटली. झोप लागते म्हणजे राग गेला, राग गेला म्हणजे सही होणार नाही. तू आत गेलीस. वीस मिनिटांनी संदेश एकटाच बाहेर आला आणि त्याने मला विचारलं, "चहा घेणार का?" तेव्हा कळलं.

त्याने आत तुला थांब म्हटलं होतं, असं त्याने घरी आल्यावर सांगितलं. तू काय उत्तर दिलंस तेही सांगितलं: "तुला वाटलेलं, तरी तू मला डॉक्टरकडे नेलंस."

आज दुपारी पार्सल आलं. टिटवाळ्याचा शिक्का. पोस्टमन नवीन आहे, पण मला मॅडम म्हणतो. मी ते हातात घेतलं आणि दारातच उभी राहिले. तेहतीस वर्षं पार्सलं तोलली आहेत मी. हातावर घेतलं की आत काय असेल ते नसेल कळत, पण आत काही नसलं तर कळतं.

तरी उघडलं. डबा लखलखीत घासलेला होता. झाकण काढून मी उजेडाकडे धरला. साखरेचा एक दाणाही नव्हता. तू विसरणाऱ्यांतली नाहीस. ते मीच तुला जिन्यात उभं करून शिकवलं होतं, आणि तू ते नीट लक्षात ठेवलंस. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण चुकीचं वाटलं नाही.

मग मी दुपटं शोधलं. पार्सलच्या कागदात पाहिलं, पुठ्ठ्याच्या खोक्यात पाहिलं, घड्या उलगडून पुन्हा पाहिलं. नव्हतं. ते तू ठेवून घेतलंस.

धुताना पिळू नकोस, कापड जुनं आहे. काठाचे टाके एका बाजूला सैल आहेत, तिथे माझा दोरा संपला होता.

उरलेली पाच मी पुन्हा बॅगेत ठेवली आहेत. हे पत्र साध्या टपालाने टाकते आहे, पोचपावती लावलेली नाही.

शीला